फांदी किती उंच? कुठून मोजली ते आधी सांगा!

(इयत्ता चौथी. विज्ञान दिनाचे भित्तिपत्रक)



आज २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाविषयीचा मोठा शोध लावला. त्याची आठवण म्हणून १९८७ सालापासून हा दिवस देशभर साजरा करतात.

गुरुजी म्हणाले, "यंदा पुस्तकातले उतरवून काढायचे नाही. आपापल्या घरातली एक गोष्ट घ्या आणि तिच्यात विज्ञान कुठे आहे ते शोधा." मी घरी जाऊन पुष्कळ विचार केला. आमच्या घरात मोठी यंत्रे नाहीत. पण एक जुने भांडण आहे. मग मी तेच घेतले.

१. भांडण

आमच्या शेताच्या बांधावर आंब्याचे एक झाड आहे. आपल्याकडची भातखाचरे डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची असतात, हे सर्वांना माहीतच आहे. हे झाड अशाच एका पायरीच्या कडेला उभे आहे. एका अंगाला वरचे खाचर. दुसऱ्या अंगाला दगडी बांध आणि त्याच्या खाली खालचे खाचर. झाडाची एक आडवी फांदी बांधाच्या बरोबर वरून गेली आहे. त्यामुळे तिच्यावरून या अंगालाही उडी मारता येते आणि त्या अंगालाही.

माझा दादा सातवीत आहे. तो वरच्या खाचरात उभा राहून म्हणायचा, "ही फांदी कसली उंच? टाच वर केली की माझा हात पोचतो." मी खालच्या खाचरातून गवताचा भारा घेऊन यायची. मान वर करून बघायची आणि म्हणायची, "बाप रे! केवढी उंच आहे!" दादा मला घाबरट म्हणायचा. मी त्याला थापाड्या म्हणायची. हे भांडण दर उन्हाळ्यात व्हायचे.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत दादा कैऱ्या काढायला चढला. तो रोज वरच्या खाचरात उडी मारायचा आणि त्याला काही होत नसे. त्या दिवशी त्याचा हात सुटला आणि तो खालच्या अंगाला पडला. डावा हात मनगटाच्या वर मोडला. सहा आठवडे प्लास्टर होते. पेरणीच्या दिवसांत सगळे शेतात राबत होते आणि दादा हात गळ्यात बांधून पडवीत बसला होता. तो रडत नव्हता, पण कोणाशी बोलतही नव्हता. रोजची फांदी, रोजची उडी, मग आजच असे का झाले, हेच त्याला कळत नव्हते.

आजी एवढेच म्हणाली, "फांदी तीच रं पोरा, पण तू पडलास कुठं ते बघ ना!"

हे मी गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "तुझ्या आजीने अर्धे विज्ञान सांगून टाकले. उरलेले अर्धे आपण शिकू."

२. साठवलेली ऊर्जा

पृथ्वी सर्व वस्तूंना आपल्याकडे ओढते. या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात. आपण दगड वर उचलतो तेव्हा या ओढीच्या विरुद्ध काम करतो. ते काम फुकट जात नाही. ते उचललेल्या दगडाच्या रूपाने साठून राहते. दगड सोडला की तो खाली येतो आणि ते साठलेले काम करून दाखवतो. म्हणजे चिखलात खड्डा पाडतो, नाहीतर आवळ्याची बी फोडतो, नाहीतर पायाचा अंगठा सुजवतो!

उंचीवर असल्यामुळे वस्तूत काम करण्याची जी क्षमता साठते तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. वस्तू पडू लागली की तिची गतिज ऊर्जा, म्हणजे वेगाची ऊर्जा होते. आपटल्यावर तीच ऊर्जा खड्डा, आवाज आणि थोडीशी उष्णता यांत वाटली जाते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४० नंतरच्या काळात एक प्रयोग केला. वजने खाली सोडली, त्यांच्या दोरीने पाण्यातील पंखा फिरवला, तर पाणी किंचित गरम झाले! त्यांचेच नाव ऊर्जेच्या मापाला दिले आहे. जसे वजनाचे माप किलो, तसे ऊर्जेचे माप ज्यूल.

गुरुजींनी आम्हांला सोपे सूत्र दिले:

स्थितिज ऊर्जा = वस्तू किती किलो × १० × किती मीटर उंच

(खरे तर १० च्या जागी ९.८ आहे. पण आमच्या गुणाकारासाठी १० घेतले आहेत.)

उदाहरणार्थ, एक किलो साखरेची पुडी एक मीटर वर उचलली तर १ × १० × १ = १० ज्यूल.

सूत्र सोपे आहे. पण त्यात एक चोर लपला आहे. "किती मीटर उंच" म्हणजे कुठून उंच? आमच्या भांडणातला चोरही तोच होता.

३. प्रयोग

साहित्य : मुठीत मावणारा गोल दगड, ओल्या मातीने भरलेल्या दोन पाट्या, मोजपट्टी, बारीक काडी.

कृती : आपल्या शाळेचा ओटा अंगणापासून एक मीटर उंच आहे. मी ओट्याच्या अगदी कडेला उभी राहिले. ओट्यापासून एक मीटर उंचीवर भिंतीला खडूने खूण केली. दगड त्या खुणेच्या पातळीत धरला. पहिल्या वेळी मातीची पाटी ओट्यावर ठेवली आणि दगड सोडला. दुसऱ्या वेळी पाटी खाली अंगणात ठेवली. हात थोडा पुढे केला, पण खूण सोडली नाही. त्याच पातळीतून दगड सोडला. दोन्ही पाट्यांत माती सारखीच कालवली होती. असे पाच-पाच वेळा केले आणि प्रत्येक वेळी माती सपाट केली.

निरीक्षण : ओट्यावरच्या पाटीत खड्डा उथळ पडला. काडी घातली तर जेमतेम एक पेर बुडाली. अंगणातल्या पाटीत खड्डा चांगलाच खोल पडला. पाचही वेळा तसेच झाले.

अनुमान : दगड तोच. हात त्याच पातळीत. तरी खड्डा वेगळा! म्हणजे नुसत्या दगडाकडे बघून त्याच्यात किती ऊर्जा आहे हे सांगता येत नाही. तो कुठपर्यंत पडणार, हेही बघावे लागते. जिथून आपण उंची मोजतो त्या जागेला संदर्भ पातळी म्हणतात. मी तिला "शून्याची रेघ" म्हणते.

४. दादाच्या फांदीचे गणित

मग मी आणि माझी मैत्रीण दोरी घेऊन बांधावर गेलो. दोरीला दगड बांधून फांदीवरून सोडला. वरच्या खाचरापर्यंत दोरी २ मीटर भरली. खालच्या खाचरापर्यंत ४ मीटर. दादाचे वजन ३० किलो आहे.

वरचे खाचर शून्य धरले तर : ३० × १० × २ = ६०० ज्यूल.
खालचे खाचर शून्य धरले तर : ३० × १० × ४ = १२०० ज्यूल.

फांदी एकच आणि दादाही एकच. पण खालच्या अंगाला पडताना दुप्पट ऊर्जा हिशेबात आली. ती कोणी तरी सोसायला हवी होती. ती मनगटाने सोसली.

मी गुरुजींना विचारले, "मग फांदीवर बसलेल्या दादाजवळ खरी ऊर्जा किती? ६०० की १२००?"

गुरुजी म्हणाले, "दोन्ही खरे. पण शून्य कुठे धरले हे सांगितले तरच खरे. आता असे कर. खालचे खाचर शून्य धर आणि दादाला वरच्या खाचरात उडी मारायला लाव."

मी करून पाहिले. फांदीवर १२००. वरचे खाचर खालच्यापेक्षा २ मीटर उंच, म्हणून तिथे उभ्या दादाची ऊर्जा ६००. १२०० वजा ६०० बरोबर ६००. उत्तर पहिल्यासारखेच आले!

तेव्हा मला खरी गंमत कळली. शून्य कुठेही धरा, प्रत्येक जागेचा आकडा बदलतो, पण दोन जागांमधला फरक बदलत नाही. पडताना लागते ते या फरकामुळे. आकड्यामुळे नाही.

म्हणजे भांडणात दादाही खरा होता आणि मीही खरी होते. दोघेही अर्धेच वाक्य बोलत होतो.

५. माझी मोठी चूक

आता मी माझी स्वतःची चूक सांगते. ती लपवायची नाही असे गुरुजींनी सांगितले आहे.

उन्हाळ्यात आम्ही विहिरीवरून पाणी आणतो. आई एका खेपेला १५ लिटरचा हंडा आणते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणून १५ किलो. विहिरीतले पाणी काठापासून ६ मीटर खाली आहे, ते आम्ही दोरीला खूण करून मोजले. विहिरीच्या काठापासून आमच्या घराचा ओटा किती उंच, हे मोजायला काकांनी मदत केली. ते गवंडीकाम करतात. त्यांच्याकडे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी नेहमी एकाच पातळीत राहते, मग मध्ये चढ असो की उतार. तिच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने मोजत आम्ही घरापर्यंत आलो. ४ मीटर भरले.

मग मी पाटीवर गणित केले. "विहिरीत पाणी सर्वांत खाली, म्हणून तिथे शून्य." लिहिले शून्य. "घराचा ओटा म्हणजे आपली जमीन. जमिनीवरच्या वस्तूची उंची शून्य." तिथेही लिहिले शून्य. शून्यातून शून्य गेले, शून्य राहिले.

मी आईला ओरडून सांगितले, "आई, तू काहीच काम करत नाहीस! गणितात शून्य आले!"

आई हंडा उतरवून घाम पुसत होती. ती म्हणाली, "असं? मग उद्यापासून तूच आण की. शून्यच काम हाय ना!"

सगळे हसले. पण मला वाईट वाटले. गणित करताना माझे काय चुकले हे रात्री अंथरुणात कळले. मी मध्येच शून्याची रेघ बदलली होती! विहिरीला एक शून्य आणि घराला दुसरे शून्य. त्यात आईचे सगळे काम पुसले गेले.

सकाळी गणित पुन्हा केले. या वेळी एकदा धरलेले शून्य शेवटपर्यंत सोडले नाही.

विहिरीतले पाणी शून्य धरले तर :
विहिरीत ०, काठावर ९०० ज्यूल, घराच्या ओट्यावर १५०० ज्यूल.

घराचा ओटा शून्य धरला तर :
विहिरीत वजा १५००, काठावर वजा ६००, ओट्यावर ०.

दोन्ही वेळा फरक १५०० ज्यूल. एका हंड्यातल्या पाण्यासाठी आईने एवढे काम केले. म्हणून नियम असा : शून्य कुठेही धरा, पण एका गणितात एकच धरा.

६. "वजा" म्हणजे काय?

माझ्या मैत्रिणीने विचारले, "ऊर्जा वजा कशी असेल? वजा १५०० म्हणजे विहिरीतल्या पाण्यात ऊर्जाच नाही का?"

गुरुजींनी किराणा दुकानातल्या वहीचे उदाहरण दिले. आपल्याकडे पैसे नाहीत आणि दुकानदाराचे १५ रुपये देणे आहे, तर वहीत आपल्या नावावर वजा १५ असते. बरोबर शून्यावर यायलाच १५ रुपये लागतात. तसेच विहिरीतले पाणी ओट्याच्या रेघेला १५०० ज्यूलचे देणे लागते. ते देणे कोणी तरी फेडल्याशिवाय पाणी घरात येत नाही. आमच्या घरी ते आई फेडते.

वजा हे फक्त "शून्याच्या रेघेखाली" एवढेच सांगते. त्याच विहिरीच्या तळाशी उभ्या राहिलेल्या माणसाला ते पाणी वजा वाटणार नाही. त्याच्यापेक्षा ते उंचच असेल.

७. सर्वांची मिळून एक रेघ

काका घर बांधायला घेतात तेव्हा आधी दोरीला नीळ लावून भिंतीवर एक रेघ मारतात. खिडकी, दरवाजा, मोरीचा उतार, सगळे त्या रेघेपासून मोजतात. मी विचारले, "जमिनीपासूनच का मोजत नाही?" काका म्हणाले, "जमीन कुठं वर, कुठं खाली. प्रत्येक गवंडी आपापल्या पायापासून मोजू लागला तर खिडक्या नाचायला लागतील!"

तसेच देशाचे आहे. प्रत्येक गावाने आपापल्या पायापासून डोंगर मोजले तर घोटाळा होईल. म्हणून सर्वांनी मिळून समुद्राची रेघ धरली. पण समुद्रालाही भरती आणि ओहोटी असते. म्हणून बंदरांवर पुष्कळ वर्षे पाण्याची पातळी मोजून तिची सरासरी काढतात. तिला सरासरी समुद्रसपाटी म्हणतात. भारतातली उंची मोजण्यासाठी १९०९ साली जी पातळी ठरली, ती नऊ बंदरांवरच्या मोजणीवरून. त्यांत आपली मुंबई होती आणि कारवारही होते. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली "समुद्रसपाटीपासून उंची" लिहिलेली असते. पुढच्या वेळी आगगाडीत बसाल तेव्हा नक्की वाचा.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, असे आपण पाठ करतो. ते समुद्रसपाटीपासून. पायथ्याच्या गावातून चढणाऱ्याला एवढे चढावे लागत नाही, कारण ते गाव आधीच उंचावर आहे.

आणखी एक नवल ऐका. जगात सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट, ८८४८.८६ मीटर. ही उंची नेपाळ आणि चीन यांनी मिळून २०२० साली जाहीर केली. पण हवाई बेटावर मौना केआ नावाचा पर्वत आहे. तो समुद्रसपाटीपासून फक्त ४२०७ मीटर आहे. समुद्राच्या तळाशी असलेल्या त्याच्या पायथ्यापासून मोजला तर १०,००० मीटरच्याही वर जातो! मग उंच कोण? पुन्हा तेच : कुठून मोजता ते आधी सांगा.

८. डोंगरावरचे पाणी : घाटघर आणि चोंढे

आमच्या फांदीचेच गणित आपल्या ठाणे जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर रोज वापरले जाते. शेजारच्या शहापूर तालुक्यात चोंढे येथे, सह्याद्रीच्या पायथ्याशी ते ठिकाण आहे. वर डोंगरमाथ्यावर घाटघर.

(आपल्या मुलांचा इथे घोटाळा होतो. नाणेघाट चढून गेल्यावर लागते ते घाटघर जुन्नर तालुक्यातले. हे घाटघर वेगळे. ते अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे.)

घाटघरला प्रवरा नदीच्या पाण्याचा वरचा जलाशय आहे. खाली चोंढ्याच्या बाजूला दुसरा जलाशय. दोघांच्या पातळीत चारशे मीटरहून जास्त फरक आहे. मध्ये डोंगराच्या पोटात, जमिनीखाली वीजघर आहे. त्यात १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. दोन्ही मिळून २५० मेगावॅट. २००८ साली हे वीजघर सुरू झाले.

संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात. तेव्हा विजेची मागणी वाढते. मग वरचे पाणी खाली सोडतात. ते पडताना चक्र फिरवते आणि वीज तयार होते. मागणी कमी असते तेव्हा, दुसरीकडची जादा वीज घेऊन तीच यंत्रे उलटी चालवतात आणि खालचे पाणी पुन्हा वर चढवतात. म्हणजे वीज साठवायची तर पाणी डोंगरावर नेऊन ठेवायचे! चढवायला जेवढी वीज लागते तेवढी सगळी परत मिळत नाही, थोडी वाटेत वाया जाते. तरी ऐन गरजेला वीज हाताशी राहते. आई रात्रीच हंडे भरून ठेवते, म्हणजे सकाळच्या घाईत पाणी असते, तसेच हे.

आता शून्याची रेघ आठवा. घाटघरच्या काठावर उभ्या माणसाला ते पाणी पायाशी असलेले साधे तळे वाटेल. चोंढ्याच्या माणसाला तेच पाणी डोक्यावर चारशे मीटर टांगलेले आहे. समुद्रसपाटी शून्य धरली तर दोन्ही जलाशयांचे आकडे मोठे येतील. पण वीज तयार होते ती वजाबाकीवर, आणि वजाबाकी कोणाचीही केली तरी तीच.

९. उलटा धबधबा

पावसाळ्यात नाणेघाटात पाणी वर उडताना आपण पाहतो. बाहेरून आलेले लोक विचारतात, "इथे पृथ्वीची ओढ उलटी आहे का?" नाही हो! ओढ खालीच आहे. पण पावसाळी वारा कोकणाकडून येतो, कड्यावर आपटतो आणि जोराने वर चढतो. तो पाण्याचे थेंब उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. म्हणजे थेंबांना वर नेण्याचे काम वाऱ्याने केले. वारा थांबला की पाणी मुकाट्याने खाली.

वर काही आपोआप जात नाही. वाऱ्याने न्यावे, यंत्राने न्यावे, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यावरून जावे. नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहनांचे शिलालेख आहेत आणि दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकत असे म्हणतात. त्या वाटेने कोकणातला माल देशावर चढायचा. तो चढवणाऱ्या बैलांनी आणि माणसांनी केलेले ज्यूल कोणत्याही दगडावर लिहिलेले नाहीत.

१०. एका युनिटची गोष्ट

शेवटी मी एक हिशेब केला. तो मला स्वतःलाच खरा वाटेना, म्हणून तीनदा तपासला. गुरुजींनीही तपासला.

विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल.

घाटघरच्या डोंगरावरून एक हजार लिटर पाणी ४०० मीटर खाली आले तर :
१००० × १० × ४०० = ४०,००,००० ज्यूल.
थोडी ऊर्जा वाया गेली तरी साधारण एक युनिट वीज झाली.

आता आमच्या घरचे. आई रोज आठ खेपा करते. एका हंड्याचे १५०० ज्यूल. आठांचे १२,००० ज्यूल.
३६,००,००० ÷ १२,००० = ३००.

म्हणजे आईने तीनशे दिवस पाणी वर आणले, की एक युनिट! उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले, तर तीन उन्हाळे.

मी हे वाचून दाखवले तेव्हा आई गप्प झाली. मग म्हणाली, "तीन उन्हाळ्यांचं एकच युनिट? एवढंसंच?"

मला पुन्हा वाईट वाटले. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "हा हिशेब फक्त पाणी वर येण्याचा आहे. त्यात हंड्याचे वजन नाही. आणि आई स्वतःही तो चढ चढते." आईचे वजन ४५ किलो. ४५ × १० × ४ = १८०० ज्यूल. म्हणजे प्रत्येक खेपेला आई पाण्यापेक्षा जास्त काम स्वतःला वर नेण्यासाठी करते! आणि रिकामा हंडा घेऊन खाली उतरताना ते काम परत मिळत नाही. मोटारीला असे चढावे-उतरावे लागत नाही. ती विहिरीपाशीच बसते. शिवाय ऊन, तापलेली वाट आणि दुखणारी मान यांना ज्यूलमध्ये माप नाही.

मोटारीत आणि पाइपात निम्मी ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी तीन उन्हाळ्यांचे हे पाणी दोन युनिटांत घरापर्यंत येईल. बाबांनी हा हिशेब कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतला आहे. ते काही बोलले नाहीत, पण काकांना पाइपाचा भाव विचारत होते. पुढे काय झाले ते पुढच्या भित्तिपत्रकात लिहीन.

लक्षात ठेवा

• उंची सांगताना "कुठून" हे सांगितलेच पाहिजे.
• शून्याची रेघ आपल्या सोयीने धरावी. पण एका गणितात ती बदलू नये.
• रेघ बदलली की आकडे बदलतात. दोन जागांमधला फरक बदलत नाही.
• झाडावर चढण्याआधी दोन्ही अंगांना खाली बघावे. जिथे उडी मारायची ते नव्हे, तर जिथे पडू शकतो ते मोजावे.

सांगा पाहू!

(१) शाळेच्या ओट्यावर ठेवलेल्या दोन किलोच्या दगडाची स्थितिज ऊर्जा किती? ओटा शून्य धरून एक उत्तर काढा, अंगण शून्य धरून दुसरे.
(२) विहिरीच्या काठाला शून्य धरले, तर आमच्या हंड्याचे तीन आकडे कोणते येतील? फरक किती येईल?
(३) तुमच्या घरी पाणी कोण वर आणते? किती मीटर? आज घरी गेल्यावर मोजा.

दादाचा हात आता बरा आहे. हा लेख त्याने पहिल्यांदा वाचला. काल आम्ही बांधावरून येत होतो तेव्हा त्याच्या मित्राने विचारले, "ही फांदी किती उंच असेल रे?"

दादा लगेच म्हणाला, "वरच्या खाचरापासून दोन मीटर, खालच्यापासून चार."

आमचे भांडण मिटले.